मेंढीसारखं कातरलेलं कुत्रं

कुत्र्याचे केस रोज विंचरावे लागतात, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. आमच्या गावाकडं, पारोळ्याच्या अलीकडं, कुत्रं म्हणजे वावराच्या बांधावर झोपणारं. शिळी भाकरी टाकली की त्याचा दिवस भागला. त्याला कोणी धुवत नाही, पुसत नाही. हे कुत्रं तसलं नव्हतं. पिंजलेल्या कापसाचा ढीग करावा अन् त्यात दोन डोळे अन् एक नाक खोचावं, असं ते दिसायचं. उचललं तर जीव मूठभर, बाकी सगळा केसच.

ते धुळ्याच्या एका शेठच्या घरातलं कुत्रं. मारवाडी जैन माणसं, किराण्याचं ठोक दुकान. घराच्या मागं पोत्यांच्या गोदामाला लागून पत्र्याची एक खोली होती. पोरीचा बाप वारल्यावर मी पोरीला घेऊन धुळ्याला आले तेव्हा ती खोली मला मिळाली. खोलीच्या बदल्यात धुणं, भांडी, झाडू. पोरगी तेव्हा आठवीत गेली होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. दीर म्हणायचा, "वहिनी, पोर सात बुकं शिकनी, बठ्ठं व्हयनं. आते मी पोरगा देखस." त्यानं देखूनही ठेवला होता, दोंडाईच्याकडचा. म्हणून ती खोली म्हणजे पोरीची शाळा होती. खोली गेली की गाव, अन् गाव म्हटलं की लग्न. पोरीची दहावी होईपर्यंत ती खोली धरून ठेवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

मग शेठच्या मुलाचं लग्न झालं. सून इंदोरची. तिच्यासोबत हे कुत्रं आलं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "इंदोरवाल्यांनी आंदणात कुत्रं दिलं." सुनेला मी भाभी म्हणायची. शेठची आई होती, तिला सगळे माजी म्हणायचे. घरात चालायचं ते माजींचं. माजी म्हणाल्या, सून आली ते बरं झालं, पण जनावर घरात राहणार नाही. भाभी दोन दिवस जेवली नाही. शेवटी असं ठरलं की कुत्रं राहील, पण त्याचं सगळं मी करायचं. अन् सैपाकघरात किंवा माजींच्या जपाच्या खोलीत त्याचा केस दिसायला नको.

"केस दिसला तर कुत्रं बी जाईल अन् तू बी जाशील," माजी मला म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं म्हणाल्या.

त्याला इंग्रजी नाव होतं. माझी जीभ तिथं वळायची नाही. मी त्याला "ए बाबा" म्हणायची. ते त्याला ओ द्यायला शिकलं.

सकाळी धुणं आटोपलं की मागच्या ओट्यावर जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर त्याला घ्यायचं. आधी मोठ्या दातांची फणी, मग बारीक दातांची. वरचे केस लांब असतात, त्यांच्याखाली रुईसारखा मऊ थर असतो, गाठी होतात त्या खालच्या थरात. कानामागं, काखेत, मांडीला. गाठ ओढली तर ते चावायला येतं, सोडली तर गाठ मोठी होते. बोटांनी सुटी सुटी करत बसायचं. आठ-पंधरा दिवसांनी रिठ्याच्या पाण्यानं अंघोळ. अंघोळीनंतर खालचा थर ओला राहिला तर वास मारतो, म्हणून जुन्या धोतरानं पुसून पुसून माझे हात भरून यायचे. पोरीची वेणी घालायला मला वेळ व्हायचा नाही. ती स्वतःची स्वतः घालून शाळेत जायची. एकदा जाता जाता म्हणाली, "आई, त्याची बी वेणी घाल ना." ती बरोबरच बोलली होती.

गोचिड व्हायच्या त्याला. आता गोचिड काढली की माणूस काय करतो, चिरडतो. त्या घरात ते चालत नव्हतं. जीव मारायचा नाही. माजींनी मला डब्याचं झाकण दिलं होतं. काढलेल्या गोचिड त्यात ठेवायच्या अन् भिंतीपलीकडं मोकळ्या जागेत सोडून यायच्या. मी सोडायची. त्या आठ दिवसांत परत त्याच्याच अंगावर. असं दोन-तीनदा झाल्यावर मी झाकण घेऊन भिंतीपलीकडं जायच्या ऐवजी माझ्या खोलीत जायला लागले. तिथं वाटीत रॉकेल ठेवलेलं असायचं.

"सोडल्या का, बाई?" माजी विचारायच्या.

"सोडल्या, माजी."

"बरं केलं. त्यांना बी जीव आहे."

खाण्याचंही तसंच. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, मग कोणी दाणा तोंडात घालायचा नाही. कुत्र्यालाही तोच नेम. दुधात कुस्करलेली पोळी, वरणभात. वरणाला ना कांदा ना लसूण. सुरुवातीला ते अंधार पडला की रिकाम्या ताटलीपाशी जाऊन बसायचं. नंतर बसायचं बंद झालं. माझ्या घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याला फार आवडायची, पण ती मी बेतानं द्यायची, कारण आमच्या भाकरीसोबत लसणाची चटणी असायची अन् त्याच्या तोंडाला वास आला तर माजींना कळलं असतं.

उंबऱ्यावर थांबायला शिकवणं मात्र सोपं गेलं. भाभी म्हणाली होती, काठी दाखवायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. मी तसं काहीच केलं नाही. सैपाकघराच्या आत मीही जात नव्हते. भांडी मला उंबऱ्यापाशी काढून ठेवायचे, घासून मी तिथंच ठेवायची. ते माझ्या मागं मागं असायचं. मी जिथं थांबायची तिथं ते थांबायला लागलं. महिनाभरात असं झालं की मी अंगणात असले तरी ते उंबऱ्यापर्यंत जायचं, बसायचं, आत बघायचं. भाभीनं पाहिलं अन् खूश झाली. म्हणाली, "मावशी, तुम्ही तर कमाल केली."

पोरगी नववी झाली त्या चैत्रात भाभी बाळंतपणाला माहेरी इंदोरला गेली. सातवा महिना होता. जाताना कुत्र्याला मांडीवर घेऊन रडली. मला म्हणाली, "मावशी, याला रोज विंचरा. मी आले की मला असाच पाहिजे." कुत्र्याला सोबत न्यायला तिचे वडील तयार नव्हते. बाळंतिणीच्या घरात केस नको म्हणाले.

अन् ती गेली तसा कुत्र्याचा केस गळायला लागला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. वैशाखात पत्र्याखाली बसवत नाही, भिंतीला हात लावला तर चटका. त्या उन्हानं त्याच्या अंगावरचा खालचा थर मूठ मूठ निघायला लागला. सकाळी पिशवीभर केस काढावेत तर दुपारी परत तेवढेच. कूलरच्या वाळ्याला केस, दाराच्या कडीत केस, पंख्याच्या पात्याला केस. माजींच्या पांढऱ्या साडीवर दिसायचे नाहीत, पण त्या जपाला बसल्या की नाकाला गुदगुल्या व्हायच्या. दोनदा त्यांनी मला नुसता केस चिमटीत धरून दाखवला. मी दिवसातून तीनदा घर झाडायला लागले. ओल्या फडक्यानं पुसायला लागले. कंबर धरली माझी.

मग पापडाचा दिवस आला. नात्यातल्या बारा-पंधरा बाया पोळपाट-लाटणं घेऊन आल्या. मुगाचं पीठ कुटलेलं, लाट्या तेलात घोळून परातीत झाकलेल्या. माजींच्या घरचे पापड म्हणजे नावाजलेले. मी गच्चीवर धोतरं अंथरत होते. खाली हसणं-बोलणं चाललं होतं ते एकाएकी थांबलं. मी जिन्यातून पाहिलं. एक बाई लाटी दोन्ही हातांनी ताणून उजेडाला धरून बसली होती. लाटीतून पांढरा केस लोंबत होता. तिनं ओढला, तो लांबतच गेला.

"काय ग बाई, इंदोरचा मसाला दिसतो," दुसरी म्हणाली, अन् सगळ्या हसल्या.

माजी हसल्या नाहीत. ते सगळं पीठ गाईला गेलं. बाया हात धुऊन, चहा न घेता गेल्या. मी परात घासत होते तेव्हा माजी उंबऱ्यापाशी आल्या.

"बाई, आता एक केस दिसला तर मी काही बोलणार नाही. तू आपलं सामान बांधायचं."

"माजी, पोरीची दहावी..."

"मला माहीत आहे. म्हणून इतके दिवस बोलले नाही."

त्या दिवशी मी जेवले नाही. पोरगी विचारत होती काय झालं, मी म्हटलं, डोकं दुखतंय. शाळा उघडायला महिना होता. तिनं वरच्या वर्गातल्या मुलीकडून दहावीची पुस्तकं आणून त्यांना कव्हरं घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी कुत्र्याला फिरवायला म्हणून पांझरेच्या काठाला घेऊन गेले. तिथं मोकळ्या वावरात एका मेंढपाळानं मेंढ्या बसवल्या होत्या. म्हातारा माणूस होता. मेंढी चारी पाय बांधून आडवी पाडायचा अन् मोठ्या कातरीनं सपासप लोकर काढायचा. कातरलेली मेंढी उठली की हलकी होऊन पळायची. मी लहानपणापासून ते पाहत आलेले. मेंढीला उन्हाळ्यात कातरतात, पावसाळ्यानंतर लोकर परत येते. माझ्या मनात तेवढंच आलं. भाभी दिवाळीच्या आत यायची होती. तोवर केस परत आले असते, अन् मधल्या काळात घरात एक केस पडला नसता. मला वाटलं, हे आधी कसं सुचलं नाही.

म्हातारा कुत्र्याकडं बघत राहिला.

"काय व माय, हाई काय शे? मेंढीनं पिल्लू शे का?"

"कुत्रा शे, आबा. याना केस कापी देशात का?"

"मी मेंढ्या कातरस. कुत्रा नई कातरत. लोके हासतीन."

"हासू द्या. उन्हाया शे, जीव तयमयस त्याना."

"कितला कापू?"

"बठ्ठा काढी टाका. एक बी ठेवू नका."

त्यानं कातर पोटरीला पुसली. मला विचारलं, "धरशी ना? मेंढी चावत नई."

"धरस. पन आबा, परत येतीन ना केस?"

"मेंढीना येतस. दोन-तीन महिनामा येतस," तो म्हणाला. "कुत्रानं मी काय सांगू, माय?"

त्यानं सांगितलं होतं. मी त्याला कधी दोष दिला नाही. मी त्याचं पहिलं बोलणं ऐकलं अन् दुसरं कानाआड केलं.

कुत्रं माझ्या मांडीत थरथरत होतं, पण चावलं नाही. म्हाताऱ्याचा हात चांगला होता, कुठं रक्त आलं नाही. शेपटीचा झुबका अन् डोक्यावरचे थोडे केस तेवढे राहिले. बाकी सगळं गुलाबी कातडं. परत येताना रस्त्यातली कुत्री त्याच्यावर भुंकायचं सुद्धा विसरली. शेठ दारात बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला अन् परत घातला.

"हे काय आणलं, घूस?"

"आपलंच आहे, शेठ. उन्हानं त्रास होत होता."

माजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आता केस पडणार नाही ना?"

"नाही, माजी."

"बरं," त्या म्हणाल्या, अन् आत गेल्या.

आठ दिवस मी सुखात होते. एकदा झाडलं की झालं. पाठ टेकायला दुपारी वेळ मिळायचा. नवव्या-दहाव्या दिवशी कुत्र्याच्या पाठीवर लाल चट्टे दिसले. त्याला सवय होती सकाळी ओट्यावर उन्हात लोळायची. अंगावर एवढा केस असताना त्याला ऊन लागत नव्हतं, म्हणून ते गेलं की मीही बघत नसे. चट्ट्यांचे फोड झाले. फोड फुटले अन् कातडं काळं पडलं. आम्हाला वाटायचं, केस म्हणजे त्याला ओझं. ती त्याची सावली होती.

माजींनी फोड पाहिले तेव्हा त्या जमिनीवरच बसल्या. गोचिड मारू न देणारी बाई ती. खोबरेल तेलाची वाटी स्वतः घेऊन आल्या. आजवर त्यांनी त्या कुत्र्याला बोट लावलं नव्हतं. तेल लावताना ते कण्हायचं तसं त्यांचं तोंड व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पांढऱ्या साडीचा कुडता शिवला त्याला, चार पायांना चार भोकं ठेवून, पोटाखाली बंद. दुपारी मला म्हणाल्या, याला माझ्या खोलीत आणून ठेव, तिथं गार आहे. तेव्हापासून त्या जपाला बसल्या की ते कुडता घालून त्यांच्या बाजूला पडून राहायचं.

जखमा भरल्या, पण पाठीवर केस येईनात. गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, या जातीला मुळापासून कापत नाहीत. आता येतील तेव्हा येतील, नाही तर नाही. अंडं देत जा रोज एक." त्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. बसस्टँडपाशी उकडलेल्या अंड्यांची गाडी लागायची. मी संध्याकाळी कुत्र्याला तिथं न्यायची. पिवळं त्याला, पांढरं पोरीला पदरात बांधून. मग नळावर त्याचं तोंड राखेनं घासून धुवायचं, माझे हात घासायचे, अन् घरी. गाडीवाला म्हणायचा, "मावशी, जेवल्यावर त्याला बडीशेप बी द्या."

श्रावण गेला. भादव्यात त्यांचं पर्युषण झालं. शेवटच्या दिवशी त्या घरातली माणसं लहान-थोर सगळ्यांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकीची माफी मागतात. माजी दर वर्षी माझ्यापुढंही हात जोडायच्या, मी लाजून जायची. त्या वर्षी त्यांनी हात जोडले अन् थोडा वेळ तसेच ठेवले. मीही जोडले. रॉकेलच्या वाटीचं सांगावं असं आलं होतं ओठावर. नाही सांगितलं.

दसऱ्यापर्यंत कुत्र्याच्या पोटाला अन् पायांना केस आले. पाठ तशीच, काळी, जुन्या चपलेसारखी. मी रोज सकाळी हात फिरवून बघायची. पोरगी शाळेतून आली की पहिलं विचारायची, "आले का?" तिलाही कळलं होतं काय चाललंय ते.

दिवाळीच्या चार दिवस आधी भाभी आली. हातात तीन-साडेतीन महिन्यांची मुलगी. कुत्रं आवाज ऐकून पळत गेलं. कुडत्यात पाय अडकत होते तरी गेलं. भाभीनं पाय मागं घेतले. तिनं ओळखलं नाही. मग ते पायाशी लोळायला लागलं तेव्हा तिनं बाळ नवऱ्याकडं दिलं, खाली बसली, अन् कुडत्याचे बंद सोडले.

मी ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं. खरूज झाली होती, डॉक्टरनं कापायला लावलं, असं. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् मला ते बोलवेना.

"मी कापून आणलं, भाभी. मेंढीवाल्याकडून. मला वाटलं परत येतील."

"मेंढीवाल्याकडून," ती म्हणाली. तिनं परत बंद बांधले. नीट बांधले. मग नवऱ्याला म्हणाली, "या बाईनं माझ्या मुलीला हात लावायचा नाही. अन् मला मागच्या खोलीत दुसरी बाई पाहिजे."

मी पदर सारखा केला अन् भांडी घासायला वळले, कारण भांडी पडली होती. पोरगी गोदामाच्या दारात दप्तर घेऊन उभी होती.

माजी पाटावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिनं नाही कापलं. मी कापायला लावलं."

"माजी, तुम्ही?" भाभी म्हणाली.

"मी म्हटलं, केस दिसला तर सामान बांध. मग ती दुसरं काय करणार? कातर तिच्या हातात नव्हती, माझ्या तोंडात होती. खोली तिच्याकडंच राहील. पोरीची परीक्षा होऊ दे."

"अन् कुत्रं?" शेठच्या मुलानं विचारलं.

भाभी बाळाकडं बघत होती. बाळाला शिंक आली होती. "मला आता घरात केसाचं जनावर नको," ती म्हणाली.

"त्याला केस कुठं आहेत?" माजी म्हणाल्या. "ते माझ्याजवळ राहील."

खोली राहिली. भाभीनं माझ्याशी बोलणं टाकलं. बाळाचे लंगोट धुवायला तिनं वेगळी बाई लावली. ती बाई माझ्याच ओट्यावर, माझ्याच नळावर धुवायची अन् मला विचारायची, "काय व अक्का, तुम्हना हातले काय व्हयेल शे?" मी म्हणायची, काही नाही. समोरून भाभी आली की मी भिंतीला लागून उभी राहायची, ती जाईपर्यंत. पाच महिने तसे काढले. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण ती चुकीचं बोलली असंही मला कधी वाटलं नाही. आपलं मूल कुणाच्या हातात द्यायचं ते आईनं बघायचंच असतं. मीही तेच बघत होते.

मार्चमध्ये पोरीची दहावीची परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन ती दुपारी आली, दप्तर ठेवलं अन् कपडे न बदलता आडवी झाली. मी विचारलं, कसा गेला. ती म्हणाली, "लिहिलं सगळं." अन् झोपली. मी खोलीच्या दारात बसले. धुणं पडलं होतं, पण उठवेना. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उन्हं उतरेपर्यंत नुसती बसून राहिले. दिवस मावळला तेव्हा ध्यानात आलं, कुत्र्याला दूध-पोळी द्यायची राहिली. मग म्हटलं, माजींनी दिली असेल.